हौदातला मासा नदीचा दिसावा का?

सिमेंटच्या लांबट हौदात वाढलेला ट्राऊट हातात घेतला की नजर आधी त्याच्या पाठीवरच्या पराकडे जाते. नदीतल्या ट्राऊटचा हा पर ताठ, पातळ आणि ठिपक्यांनी भरलेला असतो. हौदातल्या माशाच्या पाठीवर त्या जागी जाडसर, पांढुरका खुंट उरलेला असतो. छातीजवळचे दोन पर टोकाला झिजलेले, पुन्हा वाढताना आतले काटे वाकडे झालेले, शेपटीचे कोपरे गोलावलेले. अंग फिकट चंदेरी, आणि ज्या गुलाबी पट्ट्यावरून रेनबो ट्राऊट हे नाव पडलं तो शोधून काढावा लागतो. अमेरिकेत गळ टाकणाऱ्या हौशी मंडळींची जुनी तक्रार आहे, की सरकारी हॅचरीतून नदीत सोडलेला मासा गळाला लागतो खरा, पण तो ट्राऊटसारखा दिसत नाही. या तक्रारीची दखल घेऊन तिथल्या मत्स्यशास्त्रज्ञांनी गेल्या काही दशकांत बरेच प्रयोग केले. हॅचरीतल्या माशाचे पर शाबूत राहावेत, अंगावर रंग भरावा, पाहणाऱ्याला तो याच पाण्यात जन्मला असं वाटावं, हा त्यांचा हेतू.

या प्रयोगांचा एक भाग मला मनापासून पटतो आणि दुसऱ्याची काळजी वाटते. माशाच्या अंगावर जे दिसतं ते तो कसा जगला यातून आलेलं असतं. म्हणून रूप सुधारण्याच्या वाटा दोनच. हौदातलं जगणंच नदीच्या जवळ न्यायचं आणि रूप त्यातून येऊ द्यायचं, ही एक. जगणं आहे तसंच ठेवून रूप तेवढं आणायचं, ही दुसरी. पहिली खर्चाची आणि कष्टाची आहे, पण धरायची तर तीच धरावी. तरीही तिच्या शेवटी तयार होणारा देखणा मासा, जिथे नदीचे स्वतःचे मासे आहेत, तिथे सोडू नये. सोडावाच लागला तर अंगावर कायमची खूण करून सोडावा. दिसायला नदीचा आणि ओळखायला हौदाचा, अशी ही मागणी आहे. ती विचित्र वाटेल, पण ती का करावी लागते हे हॅचरीच्या इतिहासातूनच कळतं.

रेनबो ट्राऊट हा मूळचा प्रशांत महासागराला मिळणाऱ्या नद्यांचा मासा. अमेरिकेचा पश्चिम किनारा आणि समुद्रापलीकडचं रशियातलं कामचाटका हे त्याचं घर. १८७२ मध्ये लिव्हिंग्स्टन स्टोन यांनी उत्तर कॅलिफोर्नियात मॅक्क्लाउड नदीकाठी, विनेमेम विंटू आदिवासींच्या भूमीवर, साल्मनची अंडी गोळा करण्याचं केंद्र उभारलं. १८७९ मध्ये त्याच नदीवर ट्राऊटच्या अंड्यांचं काम सुरू झालं. आत पिल्लाचे काळे डोळे दिसू लागलेली अंडी ओल्या शेवाळात बांधली की दूरचा प्रवास सोसतात, हे तोवर कळलं होतं. मग रेल्वेने आणि जहाजांनी हा मासा जगभर गेला. आज अंटार्क्टिका सोडलं तर तो प्रत्येक खंडावर आहे. भारतातही निलगिरीत अ‍ॅव्हलांच इथे १९०७ मध्ये ट्राऊटची हॅचरी झाली, आणि त्याआधी १९०० मध्ये काश्मिरात स्कॉटलंडहून आलेल्या अंड्यांतून ब्राऊन ट्राऊट रुजला होता. नदी ही मोकळी जागा आहे आणि तीत आपल्या पसंतीचा मासा भरायचा आहे, असा तो काळ होता. १९६२ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या ग्रीन नदीत शेकडो मैल रोटेनोन हे विष सोडलं गेलं. नव्या धरणाच्या जलाशयात रेनबो सोडायचे होते, आणि नदीतले मूळचे मासे ‘बिनकामाचे’ ठरले होते.

हॅचरीतलं काम जवळून पाहिलं तर ते कौशल्याचं आहे, हे मान्य करावं लागतं. पिकलेल्या मादीच्या पोटावरून अंगठा हलक्या दाबाने मागे फिरवतात आणि केशरी अंड्यांची धार वाडग्यात पडते. त्यावर नराचं वीर्य पिळून सारं अलगद ढवळतात, आणि अंडी वाहत्या थंड पाण्याच्या तबकांत ठेवतात. नदीत मादी शेपटीने गोटे हलवून खळगा करते आणि अंडी त्यात दडवते. त्या हजारो अंड्यांतून वयात येणारे मासे बोटांवर मोजण्याइतके. हौदात मात्र बहुतेक सगळे जगतात. हे हॅचरीचं यश मानलं जातं आणि एका अर्थी ते आहेच. पण पूर, बगळे, उपासमार, आजार यांनी जी निवड केली असती ती हौदात होत नाही. तिथे दुसरीच निवड चालू राहते. गर्दीत टिकणारा, खाद्याच्या गोळीवर आधी झेपावणारा, लवकर वाढणारा मासा पुढच्या पिढीचा आईबाप होतो. दीडशे वर्षांत अशा किती पिढ्या होऊन गेल्या याचा विचार करावा.

पर झिजण्याची कारणं याच जगण्यात आहेत. हौदाचा तळ आणि भिंती खरखरीत सिमेंटच्या. मासे दाटीवाटीने वाढवलेले. खाण्याच्या वेळी झुंबड उडते आणि एकमेकांचे पर चावले जातात. पराची जखम ओली राहते, तिच्यात जंतू शिरतात, आणि ती भरते तेव्हा आधीचा आकार परत येत नाही. रंगाचं कारण वेगळं. ट्राऊटच्या अंगातली लाली ज्या द्रव्यांतून येते ती त्याचं शरीर बनवू शकत नाही, ती खाण्यातून यावी लागतात. नदीत तो पाण्यातले बारीक कवचधारी जीव आणि किड्यांच्या अळ्या खातो, त्यातून ती मिळतात. साध्या गोळीखाद्यात ती नसतात. काळसर ठिपक्यांची गोष्ट आणखी निराळी. खालचा तळ गडद की फिका हे ट्राऊट डोळ्यांनी टिपतो आणि त्याच्या त्वचेतल्या रंगपेशी त्याप्रमाणे पसरतात किंवा आकसतात. हा बदल पटकन होतो. पण काही आठवडे एकाच तळावर राहिला तर त्या पेशींची संख्याच बदलते आणि रंग मुरतो. सगळीकडे एकसारख्या सिमेंटवर वाढलेल्या माशाच्या अंगावर सिमेंटच मुरतं.

म्हणूनच या क्षेत्रातले चांगले प्रयोग तळापासून सुरू झाले. १९९० च्या दशकात यूटामधल्या मत्स्यशास्त्रज्ञांनी हौदांच्या तळाशी गोटे बसवून पाहिले, आणि तिथल्या माशांचे पर कमी झिजले. त्याच सुमारास वॉशिंग्टन राज्यात डेस्मंड मेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साल्मनच्या पिल्लांसाठी हौदच बदलून टाकले. तळाला वाळूखडे, पाण्यात झाडांच्या फांद्या, वर सावलीची जाळी, आणि खाद्य पाण्याखालून. अशा हौदात वाढलेली पिल्लं ओढ्याच्या तळाशी मिसळून जाणाऱ्या रंगाची झाली, आणि ओढ्यात सोडल्यावर साध्या हौदातल्या पिल्लांपेक्षा जास्त जगली. हे महत्त्वाचं आहे. इथे रंग गळवाल्याच्या समाधानासाठी आलेला नाही, बगळ्याच्या नजरेतून सुटण्यासाठी आलेला आहे.

खाद्य पाण्याखालून देण्याचं कारण थोडं थांबून सांगायला हवं. साध्या हॅचरीत सकाळी माणूस खाद्याची बादली घेऊन हौदाच्या कडेने चालू लागतो. त्याची सावली पाण्यावर पडताच शेकडो मासे तिच्याकडे धावतात. गोळ्या पडायच्या आधीच पाणी उकळल्यासारखं होतं. पिल्लू असल्यापासून त्या माशाने एवढंच शिकलेलं असतं, की वरून सावली आली म्हणजे जेवण आलं. नदीत वरून येणारी सावली बगळ्याची असते, खंड्याची असते, मासेमार गरुडाची असते. सोडल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत हॅचरीचे पुष्कळ मासे मरतात. त्यात त्यांच्या रंगाचा जसा वाटा आहे तसा या शिकवणीचाही आहे. एखाद्या जिवाला त्याच्या मरणाकडे धावायला आपण शिकवतो आणि मग त्याला मोकळं करतो, हे मला अन्यायाचं वाटतं, मग तो मासा असला तरी.

फरक कातडीच्या आतपर्यंत पोचतो. कॅलिफोर्नियात गॅब्रिएल नेव्हिट आणि मायकेल मार्केटी यांनी २००३ मध्ये दाखवलं, की हॅचरीतल्या रेनबोच्या मेंदूचे काही भाग जंगली रेनबोपेक्षा लहान असतात. तीन वर्षांनी नेव्हिट आणि त्यांच्या सहकारी किहस्लिंगर यांनी स्टीलहेडच्या अगदी लहान पिल्लांच्या टाक्यांत नुसते दगड ठेवले. स्टीलहेड म्हणजे समुद्रात जाऊन परत येणारा रेनबोच. दगडांमध्ये वाढलेल्या पिल्लांचा अनुमस्तिष्क, म्हणजे हालचालींचा तोल सांभाळणारा मेंदूचा भाग, जास्त वाढला. नुसत्या दगडांनी हे होतं. हॅचरीवाले दगड का टाळतात, तेही समजून घेण्यासारखं आहे. दगडांच्या फटींत विष्ठा आणि उरलेलं खाद्य साचतं, हौद झाडून काढता येत नाही, आणि रोग शिरला तर एका रात्रीत हजारो मासे जातात. गुळगुळीत सिमेंट तिथे कुणा दुष्टाव्याने आलेलं नाही. पण ज्यांना अडचण मोठी वाटते त्यांनी कमी मासे वाढवावेत, असं माझं म्हणणं आहे. संख्या कमी झाली की दाटी कमी होते, दाटी कमी झाली की रोग आणि चावाचावी दोन्ही कमी होतात.

दुसरी वाट सोपी आहे. गोळीखाद्यात क्रिलचं पीठ किंवा रंगद्रव्य मिसळायचं, की काही आठवड्यांत मासा लाल-गुलाबी दिसू लागतो. या रंगद्रव्यांचा माशाच्या शरीराला उपयोग आहे, म्हणून ती देण्याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो तेवढ्यावर थांबण्याला. झुंबड तीच, सावली तीच, बोडका हौद तोच, आणि वरून रंग. अशा माशाचं छायाचित्र सुंदर येतं आणि पहिल्या पुरात तो वाहून जातो.

पण पहिल्या वाटेने, सगळं मनापासून करून वाढवलेला मासा घेतला तरी एक गोष्ट तळाच्या गोट्यांनी बदलत नाही, ती म्हणजे त्याचा वंश. ओरेगॉनमधल्या हूड नदीत मायकेल ब्लाउइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टीलहेडच्या वंशावळी डीएनएवरून जुळवल्या. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार बंदिस्त संगोपनाच्या दर पिढीमागे माशाची नदीत पिल्लं निपजवण्याची क्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घटते. २०१६ मध्ये याच गटाने जंगली आईबापांची आणि हॅचरीत वाढलेल्या आईबापांची पिल्लं एकाच जागी, एकाच प्रकारे वाढवून पाहिली. हॅचरीच्या आईबापांची ही पहिलीच पिढी होती. तरी ७२३ जनुकांच्या कामात फरक सापडला, आणि त्यांतली बरीच जखम भरणं, रोगप्रतिकार आणि चयापचय यांच्याशी निगडित होती. गर्दीच्या हौदात जगायचं तर या गोष्टी लागणारच. म्हणजे हौद एका पिढीत आपल्याला हवा तसा मासा निवडतो. ही निवड डोळ्यांना दिसत नाही. पर पूर्ण आहे, ठिपके आहेत, पट्टा आहे, आणि तरी नदीत त्याची संतती कमी टिकते.

आणि तो एकटा हरत नाही. मोंटानातल्या मॅडिसन नदीत डिक व्हिन्सेंट या मत्स्यशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून एक साधी मोजणी केली. नदीच्या ज्या टप्प्यात दरवर्षी हॅचरीचे रेनबो सोडले जात होते तिथे सोडणं थांबवलं, आणि जंगली माशांचं काय होतं ते पाहिलं. काही वर्षांत तिथले मोठे जंगली ब्राऊन ट्राऊट दुपटीहून जास्त झाले. सोडलेले मासे जागेसाठी, खाण्यासाठी भांडत होते, नदीच्या माशांना हुसकून लावत होते आणि मग स्वतःही मरत होते. त्या वेळी व्हिन्सेंटवर टीका झाली, कारण मासे सोडणं म्हणजे नदीचं भलं करणं हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. तरीही १९७४ मध्ये मोंटानाने जंगली ट्राऊटच्या नद्यांत हॅचरीचे मासे सोडणं बंद केलं. या विषयात कुठल्याही सरकारने घेतलेला इतका धाडसी निर्णय मला दुसरा ठाऊक नाही.

आता खुणेचा मुद्दा. ट्राऊट आणि साल्मनच्या शेपटीच्या थोडं अलीकडे पाठीवर एक छोटा मांसल पर असतो, काटे नसलेला. प्रशांत किनाऱ्यावरच्या राज्यांत हॅचरीतल्या स्टीलहेडचा आणि बऱ्याच साल्मनचा हा पर पिल्लू असतानाच कापतात. नदीवर गळवाल्याने मासा वर काढला की आधी तिथे पाहायचं. पर नसेल तर मासा हॅचरीचा, नियमात बसत असेल तर घरी न्यावा. पर असेल तर जंगली, तो तसाच पाण्यात सोडावा. जंगली माशावरचा ताण कमी करणारा आणि नदीत कोण किती आहे हे सांगणारा याहून सोपा उपाय नाही. हॅचरीचा मासा हुबेहूब जंगली दिसावा ही हौस इथे थेट आड येते. माशाला आठ पर असतात. त्यांतले सात शाबूत, रुंद आणि सुंदर असोत, आठवा कापलेला असावा.

रूपावर विसंबल्याने काय होतं याचा सगळ्यात बोलका दाखला कोलोरॅडोचा आहे. तिथला ग्रीनबॅक कटथ्रोट हा ट्राऊट १९३० च्या दशकात नामशेष झाल्याचं मानलं गेलं. १९५७ मध्ये तो पुन्हा सापडला, तेव्हा केवढा आनंद झाला असेल! पुढे त्याचं संगोपन झालं, अनेक ओढ्यांत तो सोडला गेला, आणि १९९४ मध्ये तो राज्याचा अधिकृत मासाही झाला. २०१२ मध्ये जेसिका मेटकाफ आणि सहकाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकातले संग्रहालयांत जपलेले नमुने काढून त्यांचा डीएनए तपासला. इतकी वर्षं जपलेले बहुतेक मासे ग्रीनबॅक नव्हतेच, ते त्याच्या दिसायला सारख्या भाऊबंदांचे वंशज होते. खरा ग्रीनबॅक कोलोरॅडो स्प्रिंग्जजवळच्या बेअर क्रीक या एका लहानशा ओढ्यात तेवढा उरला होता, तोही तिथला मूळचा नव्हे. एकोणिसाव्या शतकात कुणीतरी तिथे नेऊन सोडलेला. मासे सोडण्याने एक जात वाचली असा हा प्रसंग आहे, आणि तो मी मुद्दाम सांगतो, कारण सोडणं नेहमीच वाईट असं माझं मत नाही. वाईट आहे ते नोंद न ठेवता, वंश न पाहता, नुसत्या रूपाच्या भरवशावर सोडणं.

हॅचरीच्या बाजूने बोलणाऱ्यांचे दोन मुद्दे खरे आहेत. आयडाहोच्या रेडफिश तलावात १९९२ साली समुद्रातून एकच सॉकआय साल्मन परतला. त्या तलावातल्या सॉकआयचा वंश बंदिस्त संगोपनामुळेच आज अस्तित्वात आहे, आणि अशा ठिकाणी पिल्लांना नदीसारखं वाढवण्याचं शास्त्र अमोल आहे. दुसरा मुद्दा पैशाचा. अमेरिकेत मासेमारीचे परवाने आणि १९५० च्या कायद्याने गळ-दांड्यांवर बसवलेला कर यांतूनच नद्यांच्या कामाला निधी मिळतो, आणि मासे मिळाले नाहीत तर परवाने घेणार कोण? शहराजवळच्या तलावांत, जिथे जंगली ट्राऊट जगूच शकत नाही, तिथे हॅचरीचे मासे खुशाल सोडावेत. इंग्लंडने यातून बरा मार्ग काढला आहे. २०१५ पासून तिथल्या नद्यांत सोडायचे ब्राऊन ट्राऊट वांझ असावे लागतात, किंवा स्थानिक माशांपासून वाढवलेले. पश्चिम व्हर्जिनियाने १९६३ मध्ये राज्याच्या शताब्दीनिमित्त लख्ख पिवळा ‘गोल्डन’ ट्राऊट तयार करून सोडला. गळवाल्यांना तो लांबून दिसतो, म्हणजे बगळ्यालाही दिसतो. मला तो आवडत नाही. पण त्याच्याबद्दल कुणाचीही फसगत होत नाही, एवढं त्याच्या बाजूने म्हणता येतं.

हे सगळं लांबचं वाटेल, पण यातला एक धागा थेट लोणावळ्याला येतो. निळ्या परांच्या महासीराचं पहिलं शास्त्रीय वर्णन कर्नल सायक्स यांनी १८३९ मध्ये केलं, ते पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. धरणं, प्रदूषण आणि सुरुंगाची मासेमारी यांनी तो कमी होऊ लागला, तेव्हा टाटांच्या वीज कंपन्यांनी लोणावळ्याला वळवण इथे त्याचं कृत्रिम प्रजनन सुरू केलं. १९७० च्या दशकात हे करणं सोपं नव्हतं. त्या कामाचं मोल मोठं आहे. तिथली बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, देशभरच्या पाण्यात गेली, आणि कावेरीतही गेली. पण कावेरीत स्वतःचा महासीर होता, पाठीला उंचवटा आणि नारिंगी पर असलेला, पन्नास किलोंहून जास्त वाढणारा. १९४६ मध्ये कबिनी नदीत १२० पौंडांचा महासीर पकडला गेला, तो त्याच जातीचा. इतकी ख्याती असून २०१८ पर्यंत त्याची शास्त्रीय ओळखही पक्की झाली नव्हती.

अ‍ॅड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि रॉबर्ट ब्रिटन यांनी कावेरीकाठच्या अँगलिंग कँपांतल्या १९९८ ते २०१२ या काळातल्या नोंदी तपासल्या. गळाला लागून परत सोडलेल्या माशांत निळ्या परांचे वाढत गेलेले आणि नारिंगी परांचे घटत गेलेले दिसले. लहान नारिंगी मासे तर जवळपास मिळेनासे झाले होते. ज्या वर्षी त्याला शास्त्रीय नाव लागलं त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. आणि हे कळलं कशावरून? गळवाल्यांनी मासा परत सोडण्याआधी त्याच्या परांचा रंग वहीत लिहून ठेवला होता, त्यावरून. बाहेरून आलेला मासा नदीच्या माशासारखाच दिसत असता तर त्या वह्यांत सगळे एकाच रकान्यात बसले असते, ‘महासीर भरपूर आहे’ असं आपण म्हणत राहिलो असतो, आणि कावेरीचा महासीर कुणाच्याही लक्षात न येता संपला असता.

महाडजवळ वाळणकोंडला काळ नदीच्या डोहात देवीचे म्हणून राखलेले महासीर आहेत. लोक कडेला बसून चुरमुरे टाकतात आणि मासे वर येतात. माणसाला न भिणारा असला तरी तो मासा त्या नदीचाच आहे, पिढ्यान्‌पिढ्या तिच्या पुरांतून आणि उन्हाळ्यातून पार झालेला. असे डोह महाराष्ट्रात आणखीही आहेत, वैतरणेवर तिळशाला आहे. या डोहांत बाहेरची बोटुकली कधीही सोडू नयेत, कितीही चांगल्या हेतूने आणि कितीही मोठ्या पाहुण्यांच्या हस्ते. राज्यात इतरत्र महासीर सोडायचा असेल तर त्याच खोऱ्यातले नर-मादी घ्यावेत आणि पिल्लांना वाहत्या पाण्यात, गोट्यांवर, कमी दाटीत वाढवावं. सोडताना प्रत्येकाच्या अंगावर खूण करावी. आणि कुठल्या नदीचे आईबाप, किती पिल्लं, कुठल्या तारखेला, कुठल्या डोहात, ही नोंद मत्स्यव्यवसाय विभागाने कुणालाही पाहता येईल अशी ठेवावी.